वाघासाठी दुर्बीण चालते, मग नटासाठी काहून नाही?

आमच्या ओळखीतल्या बहुतेक घरांत एक दुर्बीण असतेच, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर गाडीच्या डिक्कीत. नागपूर आहे बाप्पा, पेंच आहे, ताडोबा आहे, उमरेड-कऱ्हांडला तर सकाळी जाऊन जेवायला घरी परत येता येतं इतकं जवळ, आणि जिप्सीत बसून दोन तास धूळ खाल्ल्यावर बांबूच्या मागे जे काही पिवळं हललं ते वाघच होता हे चारचौघांत ठासून सांगायचं तर दुर्बीण लागते. त्याला कोणी हसत नाही. जामठ्याला मॅचला कोणी गळ्यात दुर्बीण अडकवून गेला तरी कोणी हसत नाही. पण तीच दुर्बीण मी मागच्या हिवाळ्यात नाटकाला नेली तर अख्खी रांग वळून आमच्याकडे बघायला लागली.

झालं असं की मुंबईचं नाटक आलं होतं, सिरियलमधले दोन ओळखीचे चेहरे, आणि आईला जायचंच होतं. आई बहात्तरची, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, नाटकाची हौस जन्माची. बुकिंग उघडलं तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये अडकलेली, संध्याकाळी फोन उघडला तोवर पुढचं सगळं गेलेलं, मागून तिसरी रांग मिळाली, तीही पार कडेची. (पुढच्या दोन रांगा तर विकायला नसतातच, त्यावर येते मी नंतर.) तिसरी घंटा झाली, पडदा गेला, पंधरा-वीस मिनिटं आई एकदम गप्प. मग हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणते, "अगं, ती हसली का आता? लोकं हसले म्हणून विचारलं."

हे ऐकून मला कसंसंच झालं, खरं सांगते. तीनशे रुपयांचं तिकीट काढून आई दुसऱ्यांच्या हसण्यावरून नाटक ओळखून राहिली होती. माझ्या बॅगेत नवऱ्याची ती पेंचवाली दुर्बीण होती, निघताना उगाच टाकून घेतली होती, ती काढून मी तिच्या हातात दिली. तिनं डोळ्याला लावली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "हा पोट्टा एवढा हलून काहून राहिला?" पोट्टा हलत नव्हता, आईचे हात हलत होते, कारण ती दुर्बीण १०×५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं, जवळजवळ किलोभर वजनाची, आणि दहा पटीत हाताचा साधा कंपसुद्धा भूकंप वाटतो. त्यातही तिला काय काय दिसलं, तर हिरोच्या गालावर माइकची तार चिकटवलेली टेप आणि मानेवर मेकअप जिथं संपतो ती रेघ. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला, "काकू, वाघ दिसला का हो?" आणि आजूबाजूचे दहा-बारा जण फिस्सकन हसले. आईनं दुर्बीण माझ्या मांडीवर ठेवली ती ठेवलीच, उरलेलं नाटक तिनं कानानं पाहिलं.

त्या माणसावर माझा राग नाही, डायलॉग टायमिंगमध्ये होता. पण घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना. आपण जंगलात जनावर नीट दिसावं म्हणून दुर्बीण घेतो, स्टेडियममध्ये बॅट नीट दिसावी म्हणून घेतो, आणि जिथं माणसाच्या चेहऱ्यावरच सगळा खेळ आहे तिथं मात्र ती नेली की आपण गावंढळ ठरतो, हे काय लॉजिक आहे? माझं म्हणणं एवढंच आहे की नाटकाला छोटी दुर्बीण नेणं ही हसण्यासारखी गोष्ट नाही, ती न्यायलाच पाहिजे आणि पुढे जाऊन म्हणते की आपल्या मोठ्या सभागृहांनी ती दारातच भाड्यानं ठेवायला पाहिजे.

छोटी म्हणते आहे मी, हे महत्त्वाचं. पेंचवाली नाही. युरोपात नाटका-संगीतिकांसाठी वेगळीच दुर्बीण असते, तिला ऑपेरा ग्लास म्हणतात, आणि हे नाव ऐकलं की आपल्याकडे लोकांना वाटतं हे गिरगावातल्या ऑपेरा हाऊसमध्ये १९११ साली मखमलीच्या खुर्चीत बसलेल्या मडमांचं काम असणार, मोती-शिंपल्याची मूठ, हातमोजे वगैरे. तशा असायच्याही, पॅरिस-व्हिएन्नाला शिंपल्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या निघायच्या, लांब दांडीच्या निघायच्या. पण आतलं यंत्र बघाल तर एकदम गरीब आहे. पुढे एक फुगीर भिंग, डोळ्याकडे एक खोलगट भिंग, संपलं. १६०८ मध्ये हॉलंडमध्ये लिपरहे नावाच्या चष्मेवाल्यानं दुर्बिणीचं पेटंट मागितलं आणि पुढच्याच वर्षी गॅलिलिओनं तसलीच करून आकाशाकडे वळवली, तीच ही रचना. आकाशवाल्यांनी ती पुढे सोडून दिली कारण तिच्यात फार मोठं दाखवायचं म्हटलं की दृश्याचा तुकडा अगदी चिमटीएवढा होतो. नाटकवाल्यांनी मात्र ती धरून ठेवली. व्हिएन्नात १८२३ च्या सुमाराला दोन नळ्या जोडलेल्या, दोन्ही डोळ्यांनी बघायच्या तयार झाल्या आणि मग त्या सगळीकडे पसरल्या. हिच्यात प्रिझम नाही म्हणून हलकी, चित्र आपोआप सरळ दिसतं, भिंगं कमी म्हणून उजेड फारसा वाया जात नाही, आणि अंधाऱ्या हॉलमध्ये उजेडाची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको. मोठं किती करते, तर तीन पट. फार तर चार-पाच. बस.

लोक म्हणतात तीन पट म्हणजे काहीच नाही, मोबाईल तर दहा पट झूम करतो. मी पण तेच म्हणत होते, मग एक दिवस कागद घेऊन बसले. चांगली नजर, म्हणजे डोळ्याचे डॉक्टर ज्याला ६/६ म्हणतात ती, साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढा बारकावा वेगळा ओळखते. तीस मीटरवर, म्हणजे मोठ्या हॉलच्या मागच्या रांगांत, त्याचा अर्थ होतो जवळपास नऊ मिलिमीटर. म्हणजे नऊ मिलिमीटरपेक्षा लहान जे काही नटाच्या चेहऱ्यावर होतं ते तुमच्यासाठी झालंच नाही. आता आरशासमोर उभं राहून बघा, भुवई किती उचलली जाते, ओठाचा कोपरा किती दबतो, डोळ्यात पाणी आलं की खालच्या पापणीवर किती जाडीची रेघ चमकते. दोन मिलिमीटर, चार, फार तर पाच. हे सगळं गेलं, आणि हे चांगल्या नजरेचं सांगते आहे, माझ्या आईच्या डोळ्यांचं नाही. तीन पटीची दुर्बीण लावली की तीस मीटरचे दहा मीटर होतात आणि नऊ मिलिमीटरचे तीन. म्हणजे भुवई परत आली, ओठ परत आला. बस एवढंच पाहिजे होतं.

आणि हा काही माझ्या डोक्यातून निघालेला बारकावा नाही. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी दुसऱ्याच अध्यायात नाटकघर केवढं बांधायचं ते लिहून ठेवलं आहे. तीन मापं दिली, १०८ हात, ६४ हात, ३२ हात, आणि माणसांसाठी मधलं, चौसष्ट बाय बत्तीस हात, हेच बरं असं म्हटलं. कारणही दिलंय, की त्याहून मोठं बांधलं तर आवाज फाटतो, शब्द कळत नाहीत, आणि चेहऱ्यावरचे जे नाना नजरांनी भरलेले भाव ते पार अस्पष्ट होऊन जातात. एक हात म्हणजे दीड फूट धरा. चौसष्ट हातातले निम्मे रंगमंच आणि नेपथ्याला, निम्मे प्रेक्षकांना, म्हणजे शेवटचा माणूस नटापासून पन्नासेक फुटांवर, पंधरा मीटर. आणि ज्या माणसानं छत्तीस प्रकारच्या दृष्टी मोजून लिहिल्या त्यानं हे माप दिलंय हे लक्षात घ्या. छत्तीस प्रकारे बघायला नटाला शिकवायचं आणि प्रेक्षकाला तीस मीटरवर बसवायचं, हे त्यांना पटलंच नसतं.

आपण मात्र तेच केलं. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं, दोन हजारांच्या आसपास खुर्च्या, २०१९ च्या फेब्रुवारीत ९९ वं नाट्यसंमेलन तिथं झालं तेव्हा एवढा मोठा हॉल आपल्याकडे आहे याचा मलाही अभिमान वाटला होता, आणि मोठ्या शहराला मोठा हॉल लागतोच, गझलेला, सत्काराला, ऑर्केस्ट्राला लागतो. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह. गंमत बघा, शहरातले दोन मोठे हॉल, एक कवीच्या नावाचा, एक गायकाच्या, दोघंही मुख्यतः कानाचे लोक. (वसंतराव नट म्हणूनही काय होते ते माहीत आहे मला, उगाच भांडू नका.) दोन-चार पात्रांचं घरगुती नाटक, ज्यात अर्धा वेळ कोणी काही न बोलता चहाचा कप फिरवत बसलंय, ते नाटक दोन हजार लोकांसमोर करायचं म्हणजे शेवटच्या पाचशे लोकांकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे आणि त्यांना रेडिओ ऐकवायचा. लक्ष्मीनगरला सायंटिफिकच्या हॉलमध्ये राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं बघताना हा प्रॉब्लेम एवढा जाणवत नाही, कारण तिथं माणूस माणसाला दिसतो. आता कोणी म्हणेल मग लहान हॉल बांधा ना, दुर्बीण कशाला. बांधा, मी कुठं नाही म्हणते, पण लहान हॉलमध्ये मुंबईची कंपनी येत नाही कारण बस, टेम्पो, लॉज, दहा-पंधरा माणसांचं जेवण हे सगळं तीनशे तिकिटांत निघत नाही. हॉल बांधायला दहा वर्षं लागतील, आई तोवर ब्याऐंशीची होईल.

सगळ्यात जोरात जो आक्षेप येतो तो नाटकवाल्या मित्रांचाच. की नाटक म्हणजे अख्खं स्टेज, दिग्दर्शकानं कोण कुठं उभं राहील, कोणाच्या अंगावर किती उजेड पडेल, हे सगळं चित्र बांधलेलं असतं, तुम्ही दुर्बीण लावून त्याचा क्लोजअप करून टाकता, मग घरी बसून सिरियलच बघा ना. या आक्षेपात दम आहे. मी स्वतः एकदा दुर्बिणीतून बाईच्या हाताकडे बघत होते, ती पदराच्या टोकाची घडी घालत होती, सोडत होती, परत घालत होती, आणि तेवढ्यात दुसऱ्या विंगेतून सासरा मच्छरदाणी गुंडाळून आला आणि सगळा हॉल हसला, मी सोडून. मला कळलंच नाही काय झालं. तेव्हा पूर्णवेळ दुर्बीण लावून बसायची नाहीच, दोन मिनिटं लावायची, दहा मिनिटं खाली ठेवायची.

पण नाटकवाल्यांना मला एक विचारायचंय. तुमच्या नटाच्या गालावर जी टेप आईला दिसली ती कशाची होती? माइकची ना? आवाज मागपर्यंत पोचत नाही म्हणून तुम्ही तो मशीननं मोठा केला, तेव्हा नाटकाची शुद्धता गेली नाही. उजेड कमी पडतो म्हणून लाइट लावले, चेहरा दिसत नाही म्हणून रंग फासला, काजळ ओढलं, तेव्हाही गेली नाही. तुमच्या बाजूनं सगळं मोठं केलेलं चालतं, आणि बिचाऱ्या प्रेक्षकानं स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या हातानं, दोन मिनिटांसाठी चेहरा मोठा करून घेतला की कला बुडते? ज्या दिवशी माइक काढाल त्या दिवशी मी दुर्बीण घरी ठेवते.

झाडीपट्टीचं उदाहरण या बाबतीत मला फार पटतं. वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया त्या बाजूला धानाची कापणी झाली की मांडव पडतात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा, रात्री उशिरा नाटक सुरू होतं ते पार उजाडेपर्यंत चालतं, आणि समोर हजारो लोक, पोरं-बाया घोंगडी पांघरून बसलेल्या. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की हे एवढं मोठं काहीतरी आपल्या शेजारीच चालू आहे. तिथं मी कधी कोणाच्या हातात दुर्बीण पाहिली नाही आणि लागतही नाही, कारण तिथला नट मांडवाच्या शेवटच्या बांबूला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यासाठीच ॲक्टिंग करतो. हात खांद्यापासून उचलतो, वळतो तो कमरेपासून, रडतो तर अख्खं शरीर रडतं. शहरातले लोक त्याला भडक म्हणतात. भडक नाही ते, मापात आहे, मांडवाच्या मापात. आपली गडबड अशी झाली की आपल्याकडे येणारे नट कॅमेऱ्यापुढे तयार झालेले, त्यांना पापणी खाली करून दुःख दाखवायची सवय, ते त्यांना येतंही उत्तम, पण हॉल मात्र मांडवाएवढा. अभिनय लहान झाला आणि अंतर वाढलं, मधली जागा कोणी भरायची? दुर्बीण भरते.

आता दुर्बिणीतून बघायचं कोणाकडे, हे मला तीन-चार नाटकांनंतर कळलं आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. बोलतोय त्याच्याकडे नाही. जो ऐकतोय त्याच्याकडे. टीव्हीवर जो बोलतो त्याचंच तोंड दाखवतात, आपल्याला तीच सवय, म्हणून दुर्बीण हातात आली की आपण ती बोलणाऱ्यावरच धरतो, पण बोलणाऱ्याचं अर्धं काम तर त्याचा आवाज करूनच टाकतो. ऐकणाऱ्याकडे बघा. मुलगा बापाला वाट्टेल ते बोलतोय आणि बाप पेपर वाचतोय, पेपर हातात तसाच आहे, पण डोळे एकाच ओळीवर थांबलेत, पान उलटत नाही. हे मी मागून पाचव्या रांगेतून पाहिलं. माझ्या बाजूच्या माणसाला विचारलं मध्यंतरात, तर तो म्हणाला, "बाप काही रिअॅक्टच करत नव्हता ना, वीक वाटला मला तो." त्याला दिसलंच नाही तर तो तरी काय करणार! म्हणून सिरियलचा क्लोजअप आणि हे एक नाही. तिथं कोणाकडे बघायचं ते दुसरा कोणी ठरवतो, इथं मी ठरवते, आणि कधी चुकीचं ठरवते आणि सासरा निसटतो.

बायकांकडे टक लावून बघायला लोक वापरतील असंही एका मैत्रिणीनं म्हटलं, ती स्वतः हौशी नाटकात काम करते. हे मी हसण्यावारी नेणार नाही. याचा इतिहास काही चांगला नाही. १८७४ चं फ्रेंच चित्रकार रेन्वाचं थिएटरच्या बॉक्सचं, म्हणजे बड्या लोकांच्या वेगळ्या सज्जाचं, चित्र आहे, त्यात बाई समोर बसली आहे आणि तिच्या मागचा पुरुष दुर्बीण वर करून भलतीकडेच बघतोय, स्टेजकडे नक्कीच नाही. चार वर्षांनी मेरी कसाटनं चित्र काढलं त्यात बाई स्वतः दुर्बिणीतून बघते आहे आणि लांबच्या बॉक्समधला एक माणूस त्याच्या दुर्बिणीतून तिला बघतोय. आत आडवा आरसा बसवलेल्या दुर्बिणीसुद्धा निघायच्या, तोंड स्टेजकडे आणि नजर बाजूच्या बॉक्समध्ये. पण त्या काळी नाटक चालू असतानाही प्रेक्षागृहात दिवे लागलेले असायचे, लोक यायचेच एकमेकांना बघायला. १८७६ ला जर्मन संगीतकार वाग्नेरनं बायरॉइटच्या आपल्या नाटकघरात प्रेक्षागृह अंधारं केलं आणि मग हळूहळू सगळीकडे तीच पद्धत पडली. आपल्या हॉलमध्ये तर काळोखच असतो, बाजूवाल्याचं तोंड दिसत नाही. राहिली स्टेजवरची नटी, तर ज्याला वाईट नजरेनं बघायचं आहे तो आज फोन काढून सरळ व्हिडिओ घेतो, घरी नेतो, पुढे पाठवतो. दुर्बिणीत काही साठत नाही. बघितलं, संपलं. मैत्रिणीला हे पूर्ण पटलं असं नाही, ती म्हणाली पुढच्या रांगेतून कोणी लावली तर मी प्रयोग थांबवीन. बरोबर आहे, पुढच्या दहा रांगांत बसून दुर्बीण लावणाऱ्याला खरंच हाकलावं.

फोनवरून आठवलं. मागे बसलेल्यांना दिसत नाही म्हणून लोक फोन काढतात, झूम करून स्क्रीनवर नाटक बघतात, आणि तो स्क्रीनचा निळा उजेड मागच्या चार रांगांच्या डोळ्यात जातो, त्यात स्क्रीनवरचा चेहरा म्हणजे नुसते चौकोनी ठिपके. नटांनी फोनपायी प्रयोग थांबवल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि प्रेक्षकांना संस्कार नाहीत म्हणून मोकळे होतो. रिंग वाजते तो मूर्खपणा, ते वेगळं. पण झूम करणारा माणूस बिचारा बघायचा प्रयत्न करतोय ना! त्याच्या हातात बिनउजेडाचं, बिनआवाजाचं काही द्या.

आईसाठी मग मी ऑनलाइन एक ३×२५ ची मागवली, मुठीत मावते, वजन नावापुरतं. चष्मेवाल्यांसाठी एक सांगते, चष्म्यावरून लावली तर डोळा लांब राहतो आणि आधीच लहान असलेला गोल आणखी लहान होतो, म्हणून चष्मा काढून मधलं चाक फिरवून घ्यायचं, साधा नंबर असेल तर तो त्यातच जुळतो, सिलिंडरचा मोठा नंबर असेल तर मात्र चष्मा ठेवा. आणि फोकस तिसऱ्या घंटेच्या आधी पडद्यावर करून घ्यायचा, अंधारात चाक शोधत कोपर बाजूवाल्याच्या बरगडीत घालायचं नाही.

ही घेऊन गेलो तर दारात वेगळंच नाटक. हॉलचं नाव घेत नाही. गेटवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, कॅमेरा अलाऊड नाही." म्हटलं भाऊ, कॅमेरा नाही, दुर्बीण आहे. तो म्हणाला दुर्बीण पण अलाऊड नसंल. नसंल! म्हणजे नियम कुठं लिहिलेलाच नाही. मी म्हटलं बघून तरी घ्या, आणि त्याच्या हातात दिली. त्यानं उलट्या बाजूनं लावली, मग सुलट केली, उघड्या दारातून आत स्टेजवर माइक टेस्ट चालू होती तिकडे धरली, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मागे लाइन लागली. मग परत देताना विचारतो, "केवढ्याची आहे?" सांगितलं हजार-बाराशेची. "अन् भाड्यानं भेटते का इथं कुठं?"

हाच माझा प्रश्न आहे, आणि तो मी त्याच्याकडूनच उचलला. लंडनच्या जुन्या थिएटरांत समोरच्या खुर्चीच्या पाठीला दुर्बीण अडकवलेली असायची, नाणं टाकलं की सुटायची, नाटक झालं की परत अडकवायची. जपानात काबुकी या जुन्या नाटकांना, तकाराझुका या फक्त बायकांच्या संगीत नाटकांना लोक सर्रास घेऊन बसतात, थिएटरात भाड्यानंही मिळते. आपल्याकडे खुर्चीला अडकवली तर काय होईल ते मला सांगायची गरज नाही, पण काउंटरवर ठेवायला काय हरकत आहे? थ्रीडी सिनेमाचे चष्मे आपण मल्टिप्लेक्सच्या दारात घेतोच ना, आणि निघताना टोपलीत टाकतोच ना, कोणी घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवत नाही. तसंच करा. वीस दुर्बिणी, पन्नास रुपये भाडं, पाचशे डिपॉझिट, नाहीतर आधार कार्ड ठेवून घ्या, आल्या की स्पिरिटनं पुसा. साठीच्या पुढच्यांना आणि मागच्या दहा रांगांना आधी. वीस नग हजार-बाराशेनं म्हणजे वीस-पंचवीस हजारांत काम, आणि रोज दहा जरी गेल्या तरी पन्नासेक प्रयोगांत पैसे वसूल. हॉलवाल्यांना नको असेल तर नाटक आणणाऱ्या संस्थेनं करावं, त्यांनाही नको असेल तर बाहेर जो पाण्याच्या बाटल्या विकतो त्याला सांगा, तो उद्यापासून सुरू करेल.

चोरीला जातील, हे मला आधीच तिघांनी ऐकवलं आहे. जातील एखाद-दोन. पण त्या विकायला नसलेल्या पुढच्या दोन रांगांत प्रमुख पाहुण्यांसाठी जे सोफे लावतात ना, पांढरी कव्हरं घातलेले, ज्यावर पाहुणे पहिल्या अंकाच्या मध्यावर येऊन बसतात आणि मध्यंतराला उठून जातात, आणि मग अख्खा दुसरा अंक ते रिकामे सोफे नटाच्या नाकासमोर तसेच, आणि मागून तिसऱ्या रांगेत माझी आई विचारते ती हसली का, तर त्या सोफ्यांच्या कव्हरांच्या ड्रायक्लीनला वर्षाला किती जातात तेवढं कोणीतरी एकदा काढून सांगा.